‘तिथं’ म्हणजे कुठं?

२००७ साल आठवा. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कुठला ना कुठला प्रकार सोसला होता. त्यात मुलगेही होते, निम्म्याहून जास्त. त्याच वर्षी महाराष्ट्रानं काय केलं? शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली! घर पेटलं आणि हे शहाणे नळ बंद करून आले. कारण? संस्कृती बुडते. अवयवाचं नाव उच्चारल्यानं जी बुडते, ती तरली कधी होती?

घरी आपण शिकवतो नाक, कान, पोट. मग एकदम गुडघा. मधल्या सगळ्याला ‘तिथं’, ‘शी’, ‘घाण’. शाळेत पुनरुत्पादनाचा धडा आला की बाई घसा खाकरतात : ‘हा घरी वाचा.’ आमच्या बाईंनीही हेच केलं. मुलं तो धडा मोबाइलवर वाचतात. तिथले मास्तर कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग चार वर्षांची पोर ‘तिथं दुखतं’ म्हणते आणि आपण विचारतो, ‘आधी का नाही बोललीस?’ कोणत्या शब्दांत बोलायचं होतं तिनं?

ऑगस्ट २०२४. बदलापुरात शिशुवर्गातल्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाले. तक्रार नोंदवायला पालक तासन्‌तास ताटकळले. २० तारखेला लोक रुळांवर उतरले, तेव्हा कुठे शासन हललं : महिनाभरात सीसीटीव्ही बसवा! बसवा की. पण कॅमेरा पाहतो, शिकवत नाही. शाळांत मुलांच्या सुरक्षेसाठी ‘सखी सावित्री’ समित्या नेमण्याचा आदेश तर २०२२चाच. ज्या सावित्रीबाई शेणाचे गोळे झेलत शिकवायला गेल्या, त्यांचं नाव फलकावर रंगवायचं आणि शिकवायचं तेवढं टाळायचं, ही निव्वळ बेइमानी आहे.

आणि मुलगे? ‘ओढणी नीट घे’ हा उपदेश मुलीला रोज. ती खेचणाऱ्याला काय? ‘वयच तसं आहे.’ आणि तक्रार आली की मुख्याध्यापकांना घोर संस्थेच्या नावाचा. महोदय, मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२चा आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाहीत, तर वर्षभरापर्यंतच्या कैदेची तरतूद त्यात खास तुमच्यासाठी आहे.

बालवाडीपासून प्रत्येक अवयवाचं नाव शिकवा. ‘नको’ म्हणायला शिकवा, दुसऱ्याचं ‘नको’ ऐकून थांबायला शिकवा. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर पाढ्यांसारखा पाठ करून घ्या. बाई, घसा खाकरून झाला असेल तर तो धडा उघडा. इथेच, वर्गात, मोठ्यानं.