आधी शिवू नये म्हणे!

"बाळ यायच्या आधी त्याचे कपडे शिवू नयेत." हे वाक्य गेल्या महिन्याभरात मला सात जणींनी ऐकवलंय. त्यातल्या तिघी हा ब्लॉग वाचतात. त्यामुळे मंडळी, आजची पोस्ट थोडी घरगुती आहे आणि बरीचशी भांडकुदळ. ज्यांना भांडण नको त्यांनी मागची अनकाई-टनकाईची पोस्ट वाचावी, ती गोड आहे.

तर झालंय असं की लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथे मनमाडला. तारीख जानेवारीतली. दिवाळी आटोपली, फराळाचे डबे धुऊन पालथे घातले आणि मी शिवणयंत्र पुसून, तेलपाणी करून खिडकीपाशी ओढलं. आजमितीला झबली आठ, टोपडी सहा, दुपटी चार, लंगोट दोन डझन, आणि एक कुंची अर्धवट. घरात येणारी प्रत्येक बाई आधी त्या ढिगावरून हात फिरवते, "कित्ती मऊ गं!" म्हणते, आणि लगेच आवाज खाली आणून विचारते, "पण आधीच?"

आधीच का नाही, असं उलट विचारलं की उत्तर येत नाही. "नसतात शिवत." "आमच्यात चालत नाही." आत्याबाईंनी "दृष्ट लागते" म्हणून विषयच संपवला.

बरं, या दृष्टीचंही मला काही कळत नाही. सातव्या महिन्यात हॉल घेऊन डोहाळजेवण होतं, फुगे, कमान, फुलांचे दागिने. फोटोग्राफर त्या पोरीला पोटावर एवढेसे लोकरीचे बूट ठेवायला लावतो आणि तो फोटो दोनशे लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो. त्या बुटांना दृष्ट लागत नाही! कपाटात घडी करून ठेवलेल्या माझ्या लंगोटांना मात्र लागते.

हा नियम कुठून आला असेल ते मी समजू शकते, आणि त्याची थट्टा करायची माझी इच्छा नाही. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिला वाढदिवस बघत नसत. म्हणजे जवळजवळ आठांतलं एक. त्याआधी तर विचारूच नका. ज्या घरात असं दोनदा-तीनदा झालंय तिथल्या म्हातारीने "आधीपासून जीव लावून बसू नका गं" असं म्हटलं तर ते शहाणपणच होतं. २०२० साली तोच आकडा देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ वर आला. सोळाही कमी नाहीत, ज्या घरात होतं तिथे एकच पुष्कळ. पण ते सोळा मूल आधी शिवलेल्या झबल्यामुळे जात नाही. उलट आधी काहीच तयार नसल्यामुळे काय होतं ते मी पाहिलंय.

डिसेंबर १९९८. वहिनीला आठव्या महिन्यातच रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या. आमच्याकडे तोवर नियम कडक पाळलेला, घरात बाळाचं एक सूतसुद्धा नाही. साडेतीनला सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाळाचे कपडे द्या." आम्ही पाच जणं एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. बाळ दोन किलोच्याही आत. शेवटी आईने स्वतःसाठी आणलेलं जुनं सुती पातळ पिशवीतून काढलं आणि तिथल्या तिथे टर्रकन फाडलं. बाबा सायकल काढून शेजारच्यांचं दार वाजवायला गेले, त्यांच्या नातवाची वापरलेली झबली मागायला. दुकानं सकाळी दहाला उघडतात, बाळं असं काही वेळापत्रक पाळत नाहीत. (पोरगं ठणठणीत आहे, पुण्यात नोकरी करतं आणि मी त्याची ही गोष्ट सगळ्यांना सांगते म्हणून चिडतं.)

ज्यांना हा नुसता गोंधळ वाटतो त्यांच्यासाठी थोडं शास्त्र. जागतिक आरोग्य संघटनेची नवजात बाळाच्या उबेबद्दल एक मार्गदर्शिका आहे, १९९७ ची. त्यात सांगितलंय की २३ अंश तापमानाच्या खोलीत उघडं नवजात बाळ जेवढी ऊब गमावतं, तेवढी उघडा मोठा माणूस शून्य अंशाला गमावतो. तेवीस अंश म्हणजे आपल्याला पंखा लावावा का असं वाटणारी हवा! म्हणून ओलं बाळ लगेच कोरडं करायचं, आईच्या उघड्या छातीशी ठेवायचं, डोकं झाकायचं, वरून दोघांना पांघरायचं, अंघोळीची घाई करायची नाही. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, तिथूनच बरीच ऊब निघून जाते. म्हणजे आपलं ते बावळट दिसणारं टोपडं शोभेचं नाही. निफाडचा पारा पेपरात छापून येतो, आमचा येत नाही, पण जानेवारीत पहाटे मनमाड स्टेशनवर गाडीची वाट पाहिलेल्यांना थंडीबद्दल मी काय सांगणार.

आणि "आठव्या महिन्यात कुठे काय होतंय" असं म्हणू नका. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळं सदतिसावा आठवडा पूर्ण व्हायच्या आत जन्मली, असा अंदाज आहे.

सरकारांनाही हे कळलेलं आहे. महाराष्ट्रात २०१९ साली सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईच्या पहिल्या बाळासाठी बेबी केअर किटची योजना आली. चांगली गोष्ट. पण ते किट बाळंतपण झाल्यावर हातात पडायचं. फिनलंडमध्ये १९३८ पासून आईला असाच खोका मिळतो, आधी गरीब आयांना, १९४९ पासून सगळ्यांना. तो बाळ यायच्या आधी घरी पोचतो, आणि अट एवढीच की बाईने चौथा महिना संपायच्या आत तपासणी करून घ्यायची. सुरुवातीच्या काळात त्या खोक्यात चक्क कापड असायचं, कारण आया कपडे घरीच शिवायच्या. तिथे कोणी "आधीच?" असं विचारलं असेल असं वाटत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. तो लिहावा की नाही याचा दोन दिवस विचार केला.

माझ्या मावशीने १९७१ साली आठ महिन्यांची असताना झबली शिवली होती. हाताने, बारीक धावदोऱ्याची, गळ्याला गुलाबी बंद. बाळ तीन दिवसांचं होऊन गेलं. मला जे सांगायचंय ते यापुढचं आहे. बाराव्या-तेराव्या दिवशी भेटायला आलेल्या बायकांनी तिच्या तोंडावर म्हटलं, "तू आधी शिवलंस ना गं." रक्तस्राव किती झाला, डॉक्टर किती उशिरा आला, तिला महिनोन् महिने पोटभर दूध तरी मिळत होतं का, यातलं कोणी काही विचारलं नाही. सुईदोरा तेवढा सगळ्यांना दिसला.

मला या नियमाचा राग येतो तो इथे. तो बाळाला वाचवत नाही. बाळ गेलंच तर दोष कोणाचा, हे आधी ठरवून ठेवतो, आणि तो नेहमी बाईचाच असतो. "न शिवता दुःख कमी होतं" असं म्हणणाऱ्यांनी मावशीला विचारायला हवं होतं. ती सांगायची, ती झबली होती म्हणून आपल्याला बाळ झालं होतं हे तरी खरं वाटायचं. तिने ती ट्रंकेत ठेवली. १९७२ ला दुष्काळात माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा आईने स्वतः जाऊन ती मागून आणली. आजी नको नको म्हणत होती, "गेलेल्या लेकराचे कपडे घालतात का!" आईने घातले. तो भाऊ पन्नाशी ओलांडून बसलाय, थोडी शुगर आहे, बाकी उत्तम.

जुन्या बायकांचं सगळंच मोडीत काढते असं नाही हं. पहिले कपडे जुन्या धुवट कापडाचे असावेत हे त्यांचं शंभर टक्के बरोबर. नव्या कापडाला खळ असते, ते टोचतं. पन्नास वेळा धुतलेली सुती नऊवारी बाजारात कुठल्याच भावाला मिळत नाही. विरलेला भाग आणि काठ सोडूनही एकीतून दोन डझन लंगोट निघाले. गंमत म्हणजे नियमाचा हा अर्धा भाग लोकांनी सोडून दिला आणि दुसरा धरून ठेवला. बारशाला जाळीचा, चमकीचा, इलॅस्टिकवाला फ्रॉक चालतो. आजीच्या पातळाचं लंगोट म्हणजे मात्र "अय्या, फडकं!"

राईची उशी मी केलेली नाही. डॉक्टर म्हणतात तान्ह्या बाळाला उशीच नको, विषय संपला. आणि डायपरवर मी प्रवचन देणार नाही. वागदर्डी आटलं की पंधरा-वीस दिवसांनी नळ, असे किती उन्हाळे आम्ही काढले. पालखेडच्या आवर्तनाची वाट बघत बादलीभर ओले लंगोट घेऊन बसलेल्या बाईला पर्यावरण शिकवायला जाऊ नये. रात्री डायपर, दिवसा लंगोट, असं आमचं मायलेकींचं ठरलंय.

शिवणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. मलमल आधी धुऊन मगच कापा, आटते. झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा, उलटं शिवल्यासारखं दिसेल, दिसू दे, आतून बाळाला काचणार नाही. बंद आखूड ठेवा, गळ्याशी तर लोंबता बंद नकोच, बाजूला बांधा. सुटे धागे नीट कापा, ते इवल्याशा बोटांना गुंडाळले जातात. आणि आठांतली तीन झबली मी मुद्दाम बाहुलीला होतील एवढी लहान केलीत. तयार कपड्यात शून्य ते तीन महिन्यांचं माप दोन किलोच्या बाळाला गोणपाटासारखं होतं. ती तीन लागली नाहीत तर आनंदच आहे, सरकारी दवाखान्यात देऊन येईन.

विहीणबाई, तुम्ही वाचत असाल तर... तुम्ही फोनवर काहीच बोलला नाहीत, पण "हो का?" नंतर थांबलात ते मला कळलं. तुमच्या घरची रीत असेल, मी बारशापर्यंत पाळणा आणणार नाही, पाचवीही तुमच्या पद्धतीने पुजू. कपड्यांची पिशवी मात्र भरलेली आहे आणि दाराआडच्या खुंटीला टांगलेली आहे. जावईबापूंना दाखवून ठेवलीय. त्यांनी एक टोपडं मुठीवर चढवून पाहिलं आणि बराच वेळ काढलं नाही.

कुंचीचं तेवढं अडलंय. येवल्याच्या एका जुन्या पैठणीचा काठ आहे, झालरीला लावावा असं मनात आहे, पण जर गालाला टोचेल अशी शंका येते. आतून मलमलीचं अस्तर दिलं तर चालेल का? कोणी केलं असेल तर लवकर कळवा, दिवस थोडे राहिलेत.