आगगाडीचे जुने चित्रपट आणि उतारवयातील स्मरणशक्ती

मनमाड, भुसावळ, दौंड, मिरज ही आपल्याकडची रेल्वेची गावे. या गावांत एक वेगळाच प्रेक्षकवर्ग आढळतो. पडद्यावर नायक-नायिका काय बोलतात याच्याशी त्याला कर्तव्य नसते. ‘शोले’ (१९७५) लागला की तो पनवेल परिसरात चित्रित झालेल्या गाडीच्या लुटीसाठी बसतो आणि तो प्रसंग संपला की उठतो. ‘पाकीजा’तली (१९७२) रात्रीची शिट्टी, ‘आराधना’तली (१९६९) दार्जिलिंगची छोटी गाडी आणि सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’त (१९५५) काशफुलांच्या रानापलीकडून धूर सोडत जाणारी आगगाडी ही त्याची दैवते. या मंडळींत निवृत्त ड्रायव्हर, फायरमन, स्टेशनमास्तर असतात, तसेच केवळ हौसेपोटी गाड्यांचे वेड लागलेलेही असतात.

घरच्यांना मात्र याचा वैताग येतो. “आबा, तेच तेच किती वेळा बघणार?” असे म्हणत चॅनेल बदलले जाते. माझ्या मते, या वेडाकडे घरच्यांनी आणि आम्हा डॉक्टरांनीही थोडे गांभीर्याने पाहायला हवे.

आपल्या देशात आगगाडी आली १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे. चित्रपट आला ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. ल्युमिए बंधूंच्या त्या पहिल्या खेळातही स्थानकात येणारी आगगाडी होतीच. म्हणजे आगगाडी आणि चित्रपट यांची जोडी पहिल्या दिवसापासूनची! पुढे कोळशाची इंजिने गेली. यवतमाळ-मूर्तिजापूर ‘शकुंतला’चे १९२१ साली मँचेस्टरला बनलेले इंजिन १९९४ साली थांबले आणि त्याच दशकात देशभरातील नेहमीच्या गाड्यांची वाफ निवाली. ज्यांनी त्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकला ते आज साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या उमेदीचा काळ आता संग्रहालयात आणि जुन्या चित्रपटांतच उरला आहे.

साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाच्या मनात सर्वांत ठळक राहतात, हे मानसशास्त्राने पुष्कळ वेळा तपासून पाहिले आहे. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ साली असे मांडले की, वृद्धांचे भूतकाळात रमणे ही बडबड नव्हे. आयुष्याचा हिशेब लावण्याची ती स्वाभाविक क्रिया आहे. त्यातूनच पुढे जुनी छायाचित्रे, गाणी, वस्तू, चित्रपट दाखवून वृद्धांना बोलते करण्याची पद्धत रुजली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीही ती वापरतात. तिचा फायदा माफक आहे आणि तो सर्वांना सारखा होत नाही, हेही सांगितले पाहिजे. हा रोग बरा करणारा उपाय नव्हे. पण गप्प बसलेला माणूस घटकाभर बोलू लागतो, हसतो, नातवाला ‘डब्ल्यूपी’ इंजिनाच्या नाकावरचा तारा दाखवतो, हे काय थोडे झाले?

इथेच एक मोठी गफलत होते. “आबांना १९६८ सालच्या गाडीचा नंबर पाठ आहे, त्यांची स्मरणशक्ती आमच्यापेक्षा चांगली!” असे कौतुकाने सांगणारी मुले मला दवाखान्यात नेहमी भेटतात. वाचकहो, हा समज धोक्याचा आहे. स्मृतिभ्रंशात जुन्या आठवणी बराच काळ शाबूत राहतात आणि आधी जाते ती ताजी आठवण. म्हणून गाडीच्या नंबरावर विसंबू नका. सकाळची गोळी घेतली की नाही, काल कोण आले होते, आज वार कोणता, हे वारंवार विसरले जात असेल, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ होत असेल, तर “वय झाले” म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य यांमुळेही विसराळूपणा येतो आणि त्यांवर उपचार आहेत.

दुसरी गोष्ट कानांची. इंजिनावर वर्षानुवर्षे काम केलेल्यांचे कान आवाजाने दुखावलेले असतात. अशा बहिरेपणात बारीक, उंच स्वर आधी जातात. त्यामुळे इंजिनाची धडधड ऐकू येते, पण सुनेचे बोलणे कळत नाही. मग टीव्हीचा आवाज वाढतो, भांडणे होतात आणि शेवटी आबा एकटे पडतात. आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. पण श्रवणयंत्राने पुष्कळ भागते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० आणि २०२४ च्या अहवालांत स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांमध्ये बहिरेपणा आणि एकाकीपणा या दोहोंचा समावेश केला आहे. चष्मा लावायला आपल्याला लाज वाटत नाही, मग यंत्र लावायला का वाटावी? तोवर बस्टर कीटनचा ‘द जनरल’ (१९२६) लावून द्या. तो मूकपट आहे आणि त्यात जळत्या पुलावरून खरेखुरे इंजिन नदीत कोसळते. तिथे ऐकू न येणारा आणि ऐकू येणारा सारखेच!

हल्ली आजोबांच्या हातात मोबाइल देऊन मुले मोकळी होतात. कोपऱ्यात एकट्याने चार तास आगगाड्या पाहणे मला मान्य नाही. त्याने पाय आखडतात, झोप बिघडते आणि एकटेपणही जात नाही. खरे औषध चित्रपटात कमी आणि शेजारी बसणाऱ्या माणसात जास्त असते. आठवड्यातून एक तास पुरे. सोबत बसा. “भट्टीपाशी उन्हाळ्यात कसे सोसायचे?” असे विचारा. तपशील चुकला तर खोडून काढू नका. त्याच वेळी दम लागतो का, जुना खोकला आहे का, हेही विचारून घ्या. कोळशाच्या धुरात हयात गेलेल्यांची छाती तपासलेली बरी.

आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि वाचनालयांनी महिन्यातून एकदा असा एक चित्रपट दाखवावा, ही माझी सूचना आहे. खर्च फारसा नाही. चित्रपट संपल्यावर अर्धा तास गप्पांसाठी ठेवावा आणि जमल्यास त्याच दिवशी कान व रक्तदाब तपासणी ठेवावी. घरी बोलावूनही न येणारा माणूस इंजिनाच्या शिट्टीसाठी नक्की येईल.