टिक् म्हणणारी कळ

गेल्या महिन्यात सांगलीहून आलेलं एक पत्र मी वेगळं काढून ठेवलं होतं. पत्र नववीतल्या एका मैत्रिणीचं. तिची आई घरी टायपिंगची कामं करते. वकिलांचे दावे, करारनामे, अर्ज, सगळं मराठीत. आई शिकली ती टाइपरायटरवर. मराठी ३० आणि ४० च्या परीक्षा तिने त्या खडखडाटातच दिल्या. आता काम कॉम्प्युटरवर आलं, पण घरचा कीबोर्ड जुना, रबरी बटणांचा. कळ नीट दाबली गेली की नाही ते समजत नाही, म्हणून आई प्रत्येक कळ जोराने हाणते आणि रात्री बोटं शेकत बसते.

लेकीने दोन भाऊबिजांची ओवाळणी साठवली आहे. तिला आईसाठी ‘टिक् टिक्’ वाजणारा मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचाय, तोही अगदी गुपचूप! अडचण एकच. घर दोन खोल्यांचं, आणि आजोबांची झोप सावध. तर काका, कोणते स्विच घेऊ?

प्रश्न एका ओळीचा आहे, पण उत्तर द्यायचं तर कीबोर्डच्या पोटात शिरायला हवं. चला तर मग!

कीबोर्डच्या पोटात

साध्या कीबोर्डमध्ये सगळ्या कळांखाली रबराची एक पातळ चादर असते. प्रत्येक कळीखाली तिला उपड्या वाटीसारखा फुगवटा असतो. कळ दाबली की फुगवटा बसतो आणि त्याखालचे प्लॅस्टिकचे दोन पडदे एकमेकांना टेकतात. पडद्यांवर वीज वाहून नेणाऱ्या रेघा असतात. त्या टेकल्या की अक्षर उमटतं. पण त्यासाठी कळ जवळजवळ तळापर्यंत न्यावी लागते. आईची बोटं दुखतात ती इथेच!

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये मात्र प्रत्येक कळीला स्वतःचा स्वतंत्र स्विच असतो. एक चिमुकली डबी, तिच्यात वरखाली होणारा दांडा, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या. दांडा खाली गेला की पट्ट्या टेकतात. बस्स, एवढंच यंत्र!

या स्विचचे मुख्य प्रकार तीन. पहिला सरळ, लोण्यातून सुरी जावी तसा खाली जाणारा. दुसरा ठेच देणारा. वाटेत बोटाला एक बारीकसा उंचवटा लागतो, पण आवाज फारसा नाही. तिसरा टिचकीवाला. ठेच तर लागतेच, शिवाय स्पष्ट ‘टिक्’ ऐकू येतं. इंग्रजीतून यांना अनुक्रमे लिनिअर, टॅक्टाइल आणि क्लिकी म्हणतात. दुकानात हेच शब्द वापरा.

चेरी नावाच्या कंपनीने आपले ‘एमएक्स’ स्विच १९८० च्या दशकात बाजारात आणले. त्यांच्या दांड्याच्या रंगावरून ओळख ठरली. तांबडा सरळ, तपकिरी ठेचेचा आणि निळा टिचकीचा. २०१४ च्या आसपास त्यांच्या पेटंटची मुदत संपली आणि गेटरॉन, कैल्ह अशा चिनी कंपन्यांचे तशाच घडणीचे स्विच सगळीकडे दिसू लागले. रंगांचा रिवाज बहुतेकांनी पाळला. पण रिवाज म्हणजे कायदा नव्हे बरं का! दुसऱ्या कंपनीचा स्विच घेताना रंगावर विसंबू नका, प्रकार वाचा.

टिक् येतं कुठून?

निळ्या स्विचच्या दांड्यावर एक सैलसा पांढरा अंगरखा असतो. आपण दाबतो तेव्हा धातूची पट्टी त्याला क्षणभर अडवून धरते. जोर वाढला की अडसर सुटतो, अंगरखा फट्कन खाली झेपावतो आणि आपटतो. तोच तो टिक्!

म्हणजे हा आवाज विजेचा नाही. कीबोर्डची वायर कॉम्प्युटरमधून काढून ठेवा, तरी टिक् टिक् चालूच राहील. आहे की नाही गंमत?

कैल्हच्या ‘बॉक्स व्हाइट’सारख्या स्विचमध्ये अंगरख्याऐवजी एक बारीक तार असते. दांडा तिला खेचून सोडतो आणि ती सतारीच्या तारेसारखी झटका देते. तिचा टिक् जास्त खणखणीत. या जातीचे स्विच बऱ्याचदा कळ सोडतानाही वाजतात.

आणि या सगळ्यांची आजी म्हणजे आयबीएमची वाकणारी स्प्रिंग. प्लॅस्टिकची पट्टी दोन्ही टोकांनी हळूहळू दाबत गेलात तर ती एका क्षणी अचानक बाहेर वाकते ना? तसंच. कळ दाबली की स्प्रिंग एका क्षणी वाकते, आवाज करते आणि त्याच झटक्यात अक्षराची नोंद होते. रिचर्ड हंटर हॅरिस या अभियंत्याने हे शोधून काढलं. १९८५ सालचा ‘मॉडेल एम’ हा याच स्प्रिंगचा कीबोर्ड, वजनाला दोन किलोहून जास्त! त्यातले कितीतरी आजही चालू आहेत.

आता आकडेमोड

निळ्या एमएक्स स्विचची कळ ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षराची नोंद २.२ मिलिमीटरवरच होते. टिक् ऐकू आला की बोट परत फिरवायचं, तळ गाठायची गरज नाही. ही सवय लागायला थोडे दिवस जातात, पण लागली की हाणामारी थांबते.

त्याला जोर लागतो ६० सेंटिन्यूटन. एक सेंटिन्यूटन म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम वजनाइतका भार. हिरवा एमएक्स स्विचही टिचकीचाच, पण दणकट. त्याला साधारण ८० लागतात. आमच्या मैत्रिणीला हा हिरवाच फार आवडला होता. का, तर म्हणे तो टाइपरायटरसारखा वाटतो!

पण थांबा. आईने दिवसाला दहा पानं टाइप केली, पानाला १८०० वेळा कळ दाबली असं धरू. झाले १८,००० वेळा. प्रत्येक वेळी २० ग्रॅम जास्त, म्हणजे दिवसभरात मिळून ३६० किलोंचा जादा भार! तोही बोटांच्या टोकांवर. ज्याला दिवसातून चार ओळी लिहायच्या आहेत त्याने खुशाल हिरवा घ्यावा. ज्याचं पोट टायपिंगवर आहे त्याने हलका घ्यावा.

करून पाहा

तुमच्या घरच्या कीबोर्डला किती जोर लागतो? २०११ साली आलेलं पितळी रंगाचं पाच रुपयांचं नाणं ६ ग्रॅमचं आहे. मोठ्या कीबोर्डवर ‘वर’ जाणाऱ्या बाणाची कळ तीन बाजूंनी मोकळी असते. पडद्यावर दहा-बारा ओळी लिहून कर्सर सगळ्यात खाली ठेवा. त्या कळीवर एकेक नाणं अलगद रचत जा. कर्सर ज्या नाण्याला वर उडी मारेल, तिथपर्यंतची नाणी मोजा आणि सहाने गुणा. नाणं आपटू नका हं, नाहीतर उत्तर चुकेल.

आजोबांच्या झोपेचं काय?

इथे खरं ते सांगायलाच हवं. टिचकीच्या स्विचचा आवाज बंद करता येत नाही. कळांखाली रबराच्या बारीक चकत्या घालतात, पण त्याने कळ तळाला आपटल्याचा आवाज कमी होतो, टिक् नाही. कीबोर्डखाली जाड कापड घातलं तर टेबल दणदणत नाही, इतकंच. दोन खोल्यांच्या घरात रात्री अकराला तो आवाज भिंतीपलीकडे जाणारच.

म्हणून मी तिला पत्राने कळवलं, “बाळ, एक काम कर. गुपित फोड. कीबोर्ड घेण्याआधी सहा-नऊ स्विच बसवलेली छोटी पाटी मिळते, तिला स्विच टेस्टर म्हणतात. ती आण. आईला डोळे मिटून एकेक दाबू दे. आणि आजोबांनाही ऐकव. बोटं आईची आहेत आणि झोप आजोबांची. दोघांना विचारल्याशिवाय निवड करायची कशी?”

परवा तिचं दुसरं पत्र आलं. गुपित फोडताना तिला रडूच आलं म्हणे. पण मग तिघं मिळून पाटीभोवती बसली. आईने हिरवा दोनदा दाबला आणि बाजूला सारला. ‘बॉक्स व्हाइट’ आजोबांना टोचला. तपकिरी आईला गुळमुळीत वाटला. निळ्यावर मात्र तिचं बोट थांबलं. शेवटी घरात ठराव झाला. रात्री साडेनऊपर्यंत निळा, त्यानंतर काम उरलंच तर जुना रबरी. जुना कीबोर्ड फेकायचा नाही! आजोबांनी आपल्याकडून एक जुनी सतरंजी कीबोर्डखाली घालायला दिली आहे.

मुलीने मात्र एक हुशारी केली. तिने स्विच उपसून बदलता येतील असाच कीबोर्ड निवडला. याला हॉट-स्वॅप म्हणतात. डाग न देता, चिमट्याने स्विच काढून दुसरा बसवता येतो. उद्या आईला आवाज नकोसा झाला तर नवा कीबोर्ड घ्यायला नको, फक्त स्विच बदलायचे. शाब्बास!

पालकांसाठी दोन शब्द

मुलं व्हिडिओतला आवाज ऐकून हट्ट धरतात. पण तो आवाज माइक, टेबल आणि खोली यांच्यावर अवलंबून असतो. शक्य असेल तर दुकानात नेऊन हात लावू द्या. घरात अभ्यास करणारं भावंड, आजारी माणूस किंवा रात्रपाळी करून दिवसा झोपणारं कुणी असेल, तर आधी ठेचेचा स्विच दाखवा. निळ्या एमएक्सचं आयुष्य कंपनी ५ कोटी दाब सांगते. एखादी कळ रोज २,००० वेळा दाबली तरी हिशेबाने ६८ वर्षं! तेव्हा घाई नको, वस्तू बरीच वर्षं घरात राहणार आहे.

बरं दोस्तांनो, तुमच्या कीबोर्डला किती नाणी लागली? पोस्टकार्डावर लिहून कळवा. सोबत कीबोर्ड कोणत्या प्रकारचा आहे तेही लिहा. भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमचा,
खटपट्या काका