शिक्षा धर्मगुरूलाही

सामूहिक हत्याकांडाला कोणतीच शिक्षा पुरी पडत नाही, सबब आंतरराष्ट्रीय न्यायालये हा निव्वळ देखावा होय, असे काही विद्वान मांडतात. पहिले विधान आम्हांस मान्य आहे. निष्कर्ष मुळीच नाही.

एप्रिल १९९४ मध्ये रवांडातील न्यांगे येथे सुमारे १५०० तुत्सी स्त्री-पुरुष व मुले चर्चच्या आश्रयाला आली होती. ते चर्च बुलडोझर लावून त्यांच्याच अंगावर पाडण्यात आले. तेथील धर्मगुरू फादर अतानाझ सेरोम्बा पुढे इटलीत मिस्सा अर्पण करीत राहिले! (आपल्या किती व्यासपीठांवरून हे सांगितले गेले?) अरुशाच्या न्यायाधिकरणाने २००६ साली त्यांना १५ वर्षांची कैद सुनावली, २००८ साली अपिलात ती जन्मठेप झाली. मृत्युदंड त्या न्यायाधिकरणाला मुळातच वर्ज्य होता. रवांडाच्या सरकारने मात्र १९९८ साली २२ दोषींना गोळ्या घातल्या. सूड आणि न्याय यांतला हा फरक विद्वानांस दिसू नये?

‘क्षमा करा’ म्हणणाऱ्या आमच्या बंधूंना आम्ही विचारतो : प्रायश्चित्त संस्कारात कबुलीवाचून पापमुक्ती कोठे आहे? सेरोम्बांनी तर गुन्हा नाकारलाच. पोप फ्रान्सिस यांनी रवांडातील ख्रिस्तसभेच्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली ती २०१७ साली. अरुशाचा निकाल तेव्हा नऊ वर्षांचा झाला होता.