मस्कतचा शुक्रवार

रविवार कधी शुक्रवारी येतो का? मस्कतमध्ये येतो! ओमान या अरब देशाची ही राजधानी. तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवारी सकाळी पाठीवर दप्तर! आम्ही मूळचे बीडचे, नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं तिथे होतो. बीडहून मुंबईचा समुद्र सुमारे चारशे किलोमीटर, आणि इथे तो घरापासून चालत वीस मिनिटांवर. मग पहिले कित्येक शुक्रवार आम्ही कुठे घालवले, ते सांगायलाच नको.

कुरुमच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली, की ओली वाळू अंगणासारखी घट्ट होते. तिथे फुटबॉल रंगायचा. कधी मत्रा बंदरातला मासळीबाजार, तर कधी जुन्या मस्कतचे मिरानी आणि जलाली हे दोन किल्ले. पोर्तुगीजांनी १५०७ मध्ये मस्कत घेतलं आणि १६५० मध्ये ओमानी अरबांनी त्यांना तिथून हाकललं. चिमाजी अप्पांनी वसई जिंकली १७३९ मध्ये. म्हणजे या कामात ओमानी आपल्यापेक्षा ८९ वर्षं पुढे, बरं का!

एकदा दोन दिवसांची सुट्टी गाठून रास अल जिन्झला गेलो. इथे हिरवी समुद्री कासवं रात्री वाळूत येऊन अंडी घालतात. बॅटरी लावायची नाही, बोलायचं नाही, वाटाड्याच्या मागून गुपचूप चालायचं. एवढी मोठी कासवीण मागच्या पायांनी खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. आमची धाकटी, जिची बडबड झोपेतही थांबत नाही, ती तासभर गप्प होती.

पण मला आज सांगायचंय ते दुसरंच. घरातल्या नळाला चोवीस तास पाणी! बीडच्या पोरांना याचं केवढं अप्रूप असेल, ते तुम्हाला कळेल. मस्कतला वर्षभरात पाऊस पडतो जेमतेम १०० मिलिमीटर. मग पाणी येतं कुठून? समुद्रातून! समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे सहा-सात चमचे. अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यातून ते पाणी प्रचंड जोर लावून ढकलतात. मीठ अलीकडे राहतं, गोडं पाणी पलीकडे जातं. मात्र त्याला वीज लागते भरपूर.

थोरल्याने लगेच विचारलं, "वीज नव्हती तेव्हा लोक काय पीत होते?"

म्हणून पुढच्या शुक्रवारी समुद्राकडे पाठ फिरवली आणि डोंगराकडे गेलो. निझव्याच्या वाटेवर बिरकत अल मौझ नावाचं गाव आहे. खजुराच्या बागा, आणि बागांमधून खळखळ वाहणारा दगडी पाट. या पाटाला म्हणतात फलज. डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत खोल विहीर खणायची आणि तिथून गावापर्यंत जमिनीखालून भुयार न्यायचं, अगदी बेताचा उतार ठेवून. पाणी आपल्या पायांनी चालत येतं. मोटार नाही, डिझेल नाही! ओमानमध्ये असे सुमारे ३,००० फलज चालू आहेत. त्यांतले पाच २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. बिरकत अल मौझचा फलज त्या पाचांपैकीच.

खरी गंमत आहे वाटणीत. गावात शिरल्याबरोबर पहिली जागा पिण्याचं पाणी भरायची. मग मशीद, मग आंघोळ-धुणं, मग खजुराची झाडं आणि सर्वांत शेवटी हंगामी पिकं. पाणी कमी झालं की हंगामी पीक सोडून देतात. खजूर मात्र जगवतात. प्रत्येकाची पाळी ठरलेली. साधारण अर्ध्या तासाच्या पाळीला 'अथर' म्हणतात. घड्याळं नव्हती तेव्हा दिवसा काठीची सावली आणि रात्री तारे पाहून पाळी बदलायची. आणि फलजचा कारभार बघणाऱ्याला म्हणतात 'वकील'! आपल्याकडे कालव्यावर पाटकरी असतो ना, तसाच, पण जरा जास्त मानाचा.

हे सगळं बघताना मला आठवली आपली खजाना विहीर. बीड शहराजवळच आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधलेली. तिच्या तळाशी तीन भुयारं आहेत. दोन पाणी आणतात, तिसरं शेतांकडे नेतं. फलजची बहीणच म्हणा ना!

आता एक हिशेब करा. मस्कतला पाऊस १०० मिलिमीटर, आपल्या बीड जिल्ह्यात सरासरी साडेसहाशेच्या वर. मग टँकर कुणाच्या दारात येतो? आपला पाऊस चार महिन्यांत पडतो आणि काळ्या खडकावरून वाहून जातो, हे खरंच. पण आणखीही एक गोष्ट आहे. फलज जेवढं येतं तेवढंच देतो, त्याला ओढता येत नाही. बोअरला मात्र शेजाऱ्यापेक्षा खोल जाता येतं. मग शेजारी आणखी खोल जातो, आणि वर उसाला पाणी चालूच! २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावं लागलं, ते तुमच्या आई-बाबांना विचारा.

आणि आजोबांना विचारायचं ते असं: तुमच्या विहिरीत भावकीचे वाटे किती होते? पाण्याची पाळी कशी मोजायचे? घड्याळावर, सावलीवर, की आणखी कशावर? रात्रीची पाळी कुणाच्या वाट्याला यायची आणि त्यावरून भांडणं व्हायची का? उत्तरं छान अक्षरात लिहून पाठवा. गावाचं नाव लिहायला विसरू नका हं!