टपरीवरचा ग्लास कुणी आखला?

टपरी अमडापूरची असो की मुंबईची, चहाचा काचेचा ग्लास एकाच घराण्यातला: बूड जाड, अंगावर उभ्या धारा. धारांमुळे पकड बसते, जाड बुडामुळे आदळआपट सोसते. इतका विचार ज्याने केला, त्याचे नाव मात्र कुणाला ठाऊक नाही. फिनलंडमध्ये याचाच सख्खा भाऊ मिळतो. तोही साच्यात दाबून केलेला, पण त्याच्या धारा आडव्या. त्यांनी काच बळकट होते आणि तिच्यातले बारीक दोषही झाकले जातात. तो आरेखक आयनो आल्टो यांनी १९३२ मध्ये कारखान्याने लावलेल्या स्पर्धेसाठी आखला आणि आजही त्यांच्याच नावाने विकला जातो. तिथल्या काचेची कीर्ती बर्फाळ निसर्गामुळे झाली, असे कौतुकाने सांगतात. मला ते पटत नाही. ती झाली कारखान्यांनी आरेखकांना दिलेल्या जागेमुळे. अल्वार आल्टो यांची १९३६ ची नागमोडी फुलदाणीही अशाच स्पर्धेतून आली. पुढे तापिओ विर्कला, तिमो सार्पानेवा, काय फ्रांक या आरेखकांना कारखान्यांनी भट्टीपर्यंत नेले, फुंकणाऱ्या कारागिरांबरोबर काम करू दिले.

आपल्याकडे काच नव्हती असे नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, म्हणजे लोकांच्या पैशा-पैशातून, १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा. ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील तर घरोघरी गेला. पण सगळी शक्ती ‘आपल्याकडेही होते’ हे सिद्ध करण्यात खर्ची पडली. परक्या राजवटीत ते रास्तच होते. स्वातंत्र्यानंतरही आकाराचा प्रश्न मागेच राहिला, याला मात्र सबब नाही.

यावर कुणी म्हणेल, स्टीलचा पेला असताना ही चैन कशाला? फिनलंडची काच आपल्याकडे चैनच आहे, हे कबूल. पण आयनोबाईंचा ग्लास रोजच्या वापरासाठीच होता. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. खुद्द फ्रांक यांचाच रोजच्या वस्तूंवर आरेखकाचे नाव मिरवायला विरोध होता. बरोबर, पण त्यांना नूतायार्वीच्या कारखान्यात हक्काची जागा होती. नाव नसले तरी चालेल, ती जागा हवी. पवईच्या आयआयटीत १९६९ पासून औद्योगिक आरेखन शिकवले जाते, म्हणजे माणसे आहेत. काच कारखानदारांनी टपरीच्या ग्लाससाठी एक खुली स्पर्धा लावावी. अट एकच: निवडलेला ग्लास टपरीवाल्याला आजच्याच भावात मिळाला पाहिजे.