वेगाचा दंड

वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि वाहने घडविणारे गाव म्हणून त्याची ख्याती झाली. त्याच वाळूजच्या रस्त्यावर वेग मोजणारा पोलीस मात्र आम्हांस जुलमी वाटतो! २०१९ च्या दुरुस्तीने अतिवेगाचा दंड हलक्या वाहनास १,००० ते २,००० रुपये झाला, अशी ओरड आहे. परंतु वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबण्याचे अंतर चौपट होते. निसर्गाच्या या कायद्यात तडजोड नाही. पाळी सुटल्यावर रस्ता ओलांडणारा कामगार पोलिसाला दिसतो. आम्हांस केवळ पावती दिसते. शासनाने वेगमर्यादेचे फलक ठळक लावावेत, हे रास्तच. पण पोलीस नसतानाही जो वेग आवरतो, तोच खरा नागरिक.